लिंका विकणाऱ्यांच्या बाजारात भरवशाचा माणूस कसा शोधाल

वेबसाइट सुरू होऊन महिना होतो न होतो तोच मेल यायला लागतात. व्हॉट्सॲपवरही येतात. "सर, तुमची वेबसाइट पाहिली, छान आहे, पण गूगलच्या पहिल्या पानावर दिसत नाही. डीए 50च्या वरच्या साइट्सवरून 200 बॅकलिंका, फक्त 4,999 रुपयांत." (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारा दुवा; डीए म्हणजे साइटचं वजन सांगणारा एका खासगी कंपनीचा आकडा, त्याबद्दल पुढे.) पाठवणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं, मजकूर तोच. दंतवैद्यालाही हाच मेल, मिठाईवाल्यालाही हाच आणि भोसरीतल्या टर्निंगच्या वर्कशॉपलाही हाच.

एक साधा भागाकार करा. 4,999 भागिले 200, म्हणजे एका लिंकमागे जेमतेम 25 रुपये. तेवढ्यात कोणीतरी तुमच्या धंद्याशी संबंध असलेली साइट शोधणार, तिच्या मालकाला पत्र लिहिणार, त्याला पटवणार, आणि तो मालक स्वतःच्या मजकुरात तुमचा दुवा घालणार? 25 रुपयांत हल्ली धड वडापाव-चहा होत नाही. त्या 200 लिंका कोणी मागून मिळवलेल्या नसतात. त्या सॉफ्टवेअरने टाकलेल्या असतात, नाहीतर विकणाऱ्याच्या स्वतःच्याच रिकाम्या साइट्सवर लावलेल्या असतात.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांचा धंदा छोटा आहे, वेबसाइट नवी आहे आणि या कामावर महिन्याला पाच-दहा हजारांपेक्षा जास्त खर्च करणं परवडणारं नाही. तेवढ्या पैशांत काम होतं. फक्त पैसे लिंकांच्या संख्येवर न लावता कोणाच्या तरी वेळेवर, म्हणजे लिंका मागून मिळवणाऱ्या मदतनीसाच्या वेळेवर, लावावे लागतात.

आधी हे समजून घ्या

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पेजरँकची कल्पना मांडली. संशोधनाच्या निबंधात दुसऱ्या निबंधाचा हवाला दिला की त्या दुसऱ्याचं वजन वाढतं, तसंच एका वेबपानाने दुसऱ्याला दुवा दिला की ती शिफारस धरायची. वजनदार साइटने दिलेली शिफारस जास्त मोलाची. कल्पना उत्तम होती, आणि शिफारशीला किंमत आली म्हटल्यावर शिफारशी विकणारेही आले.

फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. त्यांच्यासाठी असंबद्ध साइट्सवर लिंका विकत घेतलेल्या होत्या. गूगलने त्यांना खाली ढकललं. 24 एप्रिल 2012 रोजी गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि असल्या लिंकांवर पोसलेल्या असंख्य साइट्स एका झटक्यात घसरल्या. फेब्रुवारी 2013 मध्ये, तिकडच्या मातृदिनाच्या तोंडावर, ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलंवाल्या कंपनीवर कारवाई झाली. वर्तमानपत्रांच्या साइट्सवर छापून आणलेल्या जाहिरातवजा लेखांमधून लिंका येत होत्या. कंपनीचं स्वतःचं नाव शोधलं तरी तिची साइट दिसेनाशी झाली.

आता परिस्थिती थोडी वेगळी आहे, आणि छोट्या व्यावसायिकाने ती नीट ध्यानात घ्यावी. 2016 पासून गूगलचा कल शिक्षा करण्यापेक्षा अशा लिंकांकडे सरळ दुर्लक्ष करण्याकडे आहे. डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी स्पॅमब्रेन ही यंत्रणा याच कामाला जुंपली. म्हणून तुम्ही 200 लिंका घेतल्या तर बहुधा आकाश कोसळणार नाही. बहुधा काहीच होणार नाही! विकणारा एक्सेलचा तक्ता पाठवेल, त्यात 200 पत्ते असतील, उघडले तर लिंका खरंच दिसतील. गूगलने त्या मोजल्याच नाहीत हे मात्र तुम्हाला कुठेच दिसणार नाही. या धंद्याची सगळी कमाई त्या न दिसण्यावर चालते.

मदतनीसाआधी हाताशी असलेलं उरका

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर आणि शोधात दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद, भरलेलं नसेल तर लिंकांचा विचार तूर्त सोडा. ते फुकट आहे. "माझ्या जवळ" अशा शोधांमध्ये गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. लिंका तिसऱ्या गोष्टीचा फक्त एक भाग आहेत. परीक्षणंही त्यातच येतात. कोपऱ्यावरच्या सलूनला किंवा दवाखान्याला नकाशावरची नेमकी जागा, खरी वेळ, ताजे फोटो आणि ग्राहकांची परीक्षणं एवढ्यावर बऱ्यापैकी निभावतं. अशांना लिंका विकणारा माणूस त्यांची गरज न बघता स्वतःचं पॅकेज खपवत असतो.

दुसरं काम कंटाळवाणं आहे पण करावंच. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा हवा. आपल्याकडे यात हमखास घोळ होतो तो "श्री"चा. पाटीवर दोन ई लावून, बिलावर एक आय लावून, आणि जस्टडायलवर एच गाळून. एक रूप ठरवा आणि सगळ्या नोंदी तशा करून घ्या. जस्टडायल, इंडियामार्ट, सुलेखा यांवर मूळ नोंद करायला पैसे लागत नाहीत. नोंद केली की विक्री विभागाचे फोन येतील. "आत्ता नको" म्हणायची तयारी ठेवा.

मग वही घेऊन बसा आणि ज्यांच्याशी तुमचा आधीच व्यवहार किंवा संबंध आहे अशांची यादी करा. ज्यांचा माल तुम्ही विकता त्या कंपनीच्या साइटवर विक्रेत्यांची यादी आहे का? ज्यांना सुटे भाग पुरवता त्यांच्याकडे पुरवठादारांचं पान आहे का? पुण्यातल्या मराठा चेंबरचे, नाशिकच्या निमाचे, कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग असोसिएशनचे, छत्रपती संभाजीनगरच्या सीएमआयएचे किंवा गोवा चेंबरचे, म्हणजे अशा कुठल्याही उद्योजक संघटनेचे, सभासद असाल, तर सभासदांच्या सूचीत तुमची नोंद आहे का, असल्यास साइटचा पत्ता त्यात आहे का, हे विचारा. वर्षानुवर्षं वर्गणी भरणारे लोकही हे विचारत नाहीत. ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुम्ही मदत करता, ज्या मॅरेथॉनला पाण्याच्या बाटल्या देता, त्यांच्या साइटवर प्रायोजकांची नावं असतात. तिथे दुवा मागायला हरकत नाही. मदत दुव्याच्या बोलीवर दिली असेल तर मात्र गूगलच्या लेखी ती विकतचीच लिंक. मग तिला प्रायोजित असल्याची खूण हवी. त्याबद्दल पुढे येईलच.

यातल्या काही लिंका "नोफॉलो" असतील, म्हणजे या दुव्याला शिफारस समजू नका असं त्यांनी गूगलला सांगितलेलं असेल. असू द्या. सभासदांची सूची बघून जर एखादा खरेदी अधिकारी तुमच्या वर्कशॉपला फोन करणार असेल, तर ती लिंक कसली आहे याने काय फरक पडतो?

लिंक द्यावी असं साइटवर काय आहे?

पाहुणा यायच्या आधी घर आवरावं तसं मदतनीस शोधण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. "आमच्याविषयी", "सेवा", "संपर्क" एवढीच तीन पानं असतील तर जगातला सर्वोत्तम माणूस आणला तरी तो लोकांना काय दाखवून लिंक मागणार?

एक उदाहरण तपशिलात बघू. समजा, रत्नागिरी जिल्ह्यात वेळासजवळ तुमचं होमस्टे आहे. वेळासचा कासव महोत्सव सगळ्यांना माहीत आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिलं समुद्रात सोडताना बघायला पुण्या-मुंबईहून लोक येतात. आता पर्यटक फोनवर काय विचारतात ते आठवा. पिलं नक्की दिसतील का? सकाळी किती वाजता किनाऱ्यावर पोचायचं? लहान मुलाला चालवेल का? रात्री बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश चालतो का? गाडी कुठे लावायची? मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची मिळते? शेवटची एसटी किती वाजता? बाणकोट खाडीवरची फेरीबोट घेतली तर रस्ता किती वाचतो?

या प्रश्नांची खरी, ताजी उत्तरं एका पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा. घरटी किती सापडली, पिलं कधी बाहेर यायची शक्यता आहे, हे हंगामात कासवमित्रांना विचारून दर आठवड्याला बदलत राहा. पिलं दिसतीलच अशी खात्री देता येत नाही, हेही स्पष्ट लिहा. आता तुमच्याकडे अशी वस्तू आहे जी प्रवासावर लिहिणारा, पक्षी-प्राणी बघणारा गट, शाळेची सहल काढणारा शिक्षक आपणहून पुढे पाठवेल. आमच्या खोल्या स्वच्छ आहेत या पानाला कोणी लिंक देत नाही.

टर्निंगच्या वर्कशॉपलाही हेच लागू. कोणत्या धातूला किती टॉलरन्स, म्हणजे मापातला किती फरक, परवडतो, ड्रॉइंग पाठवताना काय राहून जातं, याचं एक चोख पान डिप्लोमाचे विद्यार्थीसुद्धा वापरतील. सांगलीचा हळदवाला असेल तर त्याच्याकडे भौगोलिक मानांकनाची कहाणी आहे. सांगलीच्या हळदीला ते 2018 मध्ये मिळालं. हे पान तुम्हीच लिहिलं पाहिजे असं नाही. पण माहिती तुमचीच हवी.

माणूस कुठे सापडेल

मेल करून दारात येणाऱ्यांपैकी नको. हा माझा पूर्वग्रह आहे असं म्हणा, पण गूगलच्या स्वतःच्या सल्ल्यातही न मागता आलेल्या अशा मेलांपासून सावध राहायला सांगितलं आहे. ज्याला शोधातून ग्राहक मिळवून देता येतात, तो ग्राहकांसाठी अनोळखी लोकांना मेलांचा पाऊस का पाडेल?

सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे तुमच्याच धंद्यातला, पण दुसऱ्या गावातला माणूस. दापोलीचा होमस्टेवाला शेजारच्या होमस्टेवाल्याला सांगणार नाही; महाबळेश्वरचा खुशाल सांगेल. ज्यांची साइट शोधात वर दिसते अशा चार-पाच जणांना फोन करा आणि "हे काम कोणी केलं?" असं विचारा. दोघं तरी सांगतात.

दुसरा रस्ता फार कमी लोकांना सुचतो. लिंक मिळवणं हे मुळात तांत्रिक काम नाही. चांगलं पत्र लिहिणं, योग्य माणूस हुडकणं, नकार पचवणं आणि आठवडाभराने पुन्हा आठवण करणं, हे ते काम आहे. म्हणून जिल्हा आवृत्तीत पूर्वी बातमीदारी केलेली व्यक्ती, जनसंपर्कात काम केलेली आणि आता घरून काम करणारी एखादी ताई, प्रवासावर किंवा शेतीवर नियमित लिहिणारा लेखक, अशी माणसं "लिंक बिल्डिंग एजन्सी"पेक्षा बऱ्याचदा सरस ठरतात. एसईओची, म्हणजे साइट शोधात वर आणण्याच्या कामाची, आवश्यक तेवढी माहिती त्यांना चार दिवसांत शिकता येते. पत्र कसं लिहायचं हे एजन्सीच्या नवख्या पोराला चार दिवसांत शिकवता येत नाही.

फ्रीलान्सिंगच्या साइट्सवरही बरी माणसं आहेत. तिथे शोधताना "इतक्या लिंका इतक्या पैशांत" असं लिहिणारे वगळा आणि तासावर काम करणारे बघा. साइट्स शोधून यादी करण्याचं काम पत्रकारितेचे विद्यार्थी उत्तम करतात आणि ते स्वस्तातही पडतं.

पहिल्या फोनवर काय विचाराल

"लिंका कुठून आणणार?" हा पहिला प्रश्न. "आमचं नेटवर्क आहे" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. नेटवर्क म्हणजे त्यांच्याच किंवा त्यांच्या ओळखीतल्यांच्या साइट्स, ज्या लिंका विकण्यासाठीच जिवंत ठेवलेल्या आहेत. चांगलं उत्तर उलट प्रश्नाने सुरू होतं: "तुमचे ग्राहक कोण आहेत? साइटवर काय आहे? कोणाशी संबंध आहेत?"

"पहिल्या पानावर किती दिवसांत?" असं मुद्दाम विचारा. "90 दिवसांत गॅरंटी" म्हणाला की समजून जा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. आणि केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं हेही. जो माणूस तुम्हाला न आवडणारं हे उत्तर देतो, त्याच्याशी पुढचं बोलणं करण्यात अर्थ आहे.

"डीए किती असलेल्या साइट्स?" हा प्रश्न तुम्ही विचारू नका, तो विकणाऱ्याचा आवडता आहे. डीए हा मॉझ या कंपनीने काढलेला 1 ते 100 मधला अंदाज आहे. एच्रेफ्सचा डीआर, सेमरशचा ऑथॉरिटी स्कोअर हे त्याचेच चुलतभाऊ. गूगल यातला एकही वापरत नाही. शिवाय हे आकडे फुगवता येतात, आणि फुगवून देणारेही याच बाजारात बसलेले आहेत. दोन साइट्सची ढोबळ तुलना करायला आकडा ठीक आहे, त्यावर दर ठरवणं चुकीचं.

शेवटी, "पूर्वी मिळवलेल्या तीन लिंका दाखवा, आणि त्या कशा मिळाल्या ते सांगा." गिऱ्हाइकाची गुपितं आहेत म्हणून दाखवता येत नाही, असं म्हणणारे असतात. पण लिंक ही जगजाहीर गोष्ट आहे, तिला गुपित कसलं? कोणासाठी काम करतो हे न सांगण्याचा करार असेल तर एखादी स्वतःच्या साइटसाठी मिळवलेली तरी दाखवावी.

दाखवलेली लिंक उघडून बघा

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तीच बहुतेकांना उघडं पाडते. समजा, कोकणातल्या एका होमस्टेसाठी मिळवलेली लिंक तुम्हाला पाठवली. लेख उघडला. मथळा "कोकणातली पाच सुंदर ठिकाणं", फोटो कुठल्या तरी परदेशी किनाऱ्याचा. तिसऱ्या परिच्छेदात "कोकणातील सर्वोत्तम स्वस्त होमस्टे" या शब्दांवर लिंक. माणूस दुवा देताना होमस्टेचं नाव लिहितो. शोधात टाकायचे शब्द जसेच्या तसे लिहित नाही.

आता लेख सोडा आणि साइटचं मुख्य पान उघडा. आरोग्य, क्रिप्टो, घरसजावट, ऑनलाइन कॅसिनो, कुत्र्यांचं खाद्य, सगळं एकाच ठिकाणी. सगळ्या लेखांचा लेखक "ॲडमिन". संपर्काच्या पानावर पत्ता नाही, एक जीमेल आणि "आमच्यासाठी लिहा". त्या पत्त्यावर विचारलंत तर दरपत्रकच येईल. अशा साइटवर माणसं वाचायला येत नाहीत. तिचं गिऱ्हाईक म्हणजे लिंका घेणारेच.

अजून खात्री हवी असेल तर दोन गोष्टी करा. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्यापुढे कोलन आणि मध्ये जागा न सोडता त्या साइटचा पत्ता टाका. साइटवर शेकडो लेख आणि शोधात दोन-चारच पानं आली, तर गूगलनेच तिला वाळीत टाकल्यासारखं आहे. मग वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या साइटवर, तोच पत्ता टाकून पाच-सहा वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते बघा. बऱ्याचदा तिथे एखादी नृत्यशाळा किंवा सेवाभावी संस्था असते. तिने डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण केलं नाही, कोणीतरी ते उचललं आणि संस्थेच्या जुन्या पुण्याईवर लिंका विकायला काढल्या. मार्च 2024 पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमांत या प्रकाराचं स्वतंत्र कलम आहे.

याउलट चांगली लिंक दिसायला साधी असते. एखाद्या सायकलस्वाराने लिहिलेला किनारपट्टीच्या सफरीचा वृत्तान्त, त्यात मुक्कामाच्या ठिकाणाचं नाव आणि त्यावर दुवा. त्या साइटचा डीए 12 असेल. तरी तो वाचून चार सायकलवाले तुमच्याकडे उतरतील.

दर, बिल आणि आगाऊ रक्कम

तासावर किंवा कामावर पैसे ठरवा, लिंकवर नाही. लिंकमागे पैसे ठरले की माणूस सोप्यात सोपी लिंक शोधणार, हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून तुम्ही ठरवलेल्या कराराचा परिणाम असतो.

समजा, तासाला 400 रुपये ठरले आणि महिन्याला 15 तास. 6,000 रुपये झाले. त्यात काय यावं? तुमच्या विषयाशी खरोखर संबंध असलेल्या 25-30 जागांची यादी, प्रत्येकीपुढे माणसाचं नाव आणि तिथेच का विचारायचं याचं कारण. त्यांतल्या निवडक जागांना वेगवेगळी लिहिलेली पत्रं. एकच मजकूर सगळ्यांना नको. आलेली उत्तरं, नकारांसकट. साइटवरच्या एखाद्या पानाची सुधारणा. एवढ्यातून महिन्याला दोन-तीन लिंका आल्या तर काम चांगलं चाललंय असं समजा. एखादा महिना कोरडाही जाईल. अशा वेळी पत्रं वाचा. पत्रं चांगली असतील तर धीर धरा.

जीएसटीबद्दल नवख्यांचा गोंधळ होतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याकडे नंबर नसला म्हणून तो लबाड ठरत नाही. पण बिलात 18 टक्के लावले असतील तर नंबर हवाच, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते बघता येतं.

वर्षाचे पैसे एकदम भरा, दोन महिने मोफत, असल्या सवलती नाकारा. पहिल्या महिन्याचे निम्मे आधी, निम्मे काम बघून. पहिला महिना दोघांच्याही दृष्टीने चाचणीचा.

पैसे देऊन लेख छापून आणायचा प्रस्ताव आला तर? जाहिरात म्हणून खुशाल द्या. मात्र लिंकला "स्पॉन्सर्ड" किंवा "नोफॉलो" ही खूण लावायला सांगा; गूगलला एवढंच हवं असतं. ही खूण वाचकाला दिसत नाही, ती पानाच्या कोडमध्ये असते. होमस्टेवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ब्लॉगरला फुकट राहायला देऊन "लिंक द्या" अशी अट घातली, तर गूगलच्या लेखी तीही खरेदीच. राहायला बोलवा, लिंकची अट घालू नका. आणि फुकट राहणं मिळालं हे त्याने वाचकांना सांगायचं असतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये तशा सूचना काढल्या आहेत.

चाव्या कोणाच्या हातात

कागदावर मोठा करार नको, एक मेल पुरे. पण त्यात चार गोष्टी असाव्यात: कुठल्याही जागी लिंक लावण्याआधी ती जागा तुम्हाला दाखवली जाईल, लिहिलेला मजकूर तुमच्या मालकीचा, काम थांबलं तरी लागलेल्या लिंका काढल्या जाणार नाहीत, पाठवलेल्या सगळ्या पत्रांची प्रत तुम्हाला मिळेल. तिसरं कलम वाचून जो कां-कूं करतो, त्याच्या लिंका भाड्याच्या आहेत.

खात्यांच्या बाबतीत मात्र हयगय नको. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर आणि तुमच्या फोनवर असावं. साइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर लिंकांच्याही आधी ते सोडवा. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे तुमची साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, मालक तुम्ही राहा आणि मदतनीसाला मर्यादित वापरकर्ता म्हणून जोडा, बघण्यापुरतं तेवढं पुरतं. बिझनेस प्रोफाइलवर त्याला व्यवस्थापक करा, मालक नको. वर्डप्रेसवर त्याच्यासाठी संपादकाच्या दर्जाचं वेगळं खातं उघडा. तुमचा स्वतःचा पासवर्ड कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, अगदी भाच्यालाही.

काम सुरू होण्याच्या दिवशी सर्च कन्सोलमधला "लिंक्स" हा अहवाल उघडून उतरवून ठेवा. आज कोण कोण दुवा देतं याची ती नोंद. पुढच्या महिन्यांत नव्याने काय आलं ते त्याच्याशी ताडून बघता येतं, फक्त तो अहवाल सावकाश अद्ययावत होतो, लिंक लागली की दुसऱ्या दिवशी दिसेल असं नाही. आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे विचारून वहीत लिहा. कुठल्याही टूलपेक्षा छोट्या धंद्याला ही वही जास्त सांगते.

आधीच 200 लिंका घेऊन बसला असाल तर

घाबरून काही करू नका. सर्च कन्सोलमध्ये "मॅन्युअल ॲक्शन्स" हे पान उघडा; गूगलच्या माणसांनी तुमच्या साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथे दिसते. तिथे "कोणतीही समस्या आढळली नाही" अशा अर्थाचा संदेश असेल, तर गूगलने त्या लिंकांकडे बहुधा काणाडोळा केला आहे. पैसे गेले, साइट शाबूत आहे. पॅकेज बंद करा आणि पुढे चला.

याच टप्प्यावर दुसरा विक्रेता गाठतो. तो लाल रंगाचा तक्ता पाठवतो: तुमच्या साइटवर इतक्या "विषारी" लिंका आहेत, साफ करायचे इतके पैसे. हा विषारीपणाचा आकडा एखाद्या टूलने काढलेला असतो, गूगलचा नसतो. प्रत्येक साइटला थोड्याफार फालतू लिंका येतच असतात, न मागता. त्यांच्यासाठी गूगलचं नकारयादीचं साधन, म्हणजे डिसअव्हाउ, वापरायची गरज नसते. ते 2012 पासून उपलब्ध आहे, पण चुकीच्या साइट्स त्यात टाकल्या तर चांगल्या लिंकाही हातच्या जातात.

मॅन्युअल ॲक्शन खरोखर आलेली असेल तर मात्र काम करावं लागेल. लिंका विकणाऱ्याला लेखी कळवून त्या काढायला सांगा, उत्तर आलं नाही तरी मेल जपून ठेवा. निघाल्या नाहीत त्या साइट्सची नावं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक अशी, प्रत्येक नावाआधी इंग्रजीत डोमेन हा शब्द आणि कोलन टाकून लिहा आणि नकारयादीत चढवा. मग पुनर्विचाराचा अर्ज करा. अर्जात काय घडलं, कोणतं पॅकेज कधी घेतलं, किती लिंका काढल्या, किती निघाल्या नाहीत, हे सरळ लिहा. तो अर्ज माणसं वाचतात. उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि उत्तर येण्याआधी पुन्हा अर्ज करून फायदा होत नाही.